वालूरच्या विहिरीतला काळा थर

“विहिरीत कोळसा लागलाय, अन् भाऊ भावाशी बोलंना,” मामी फोनवर म्हणाली. मी लगेच तिकीट काढलं. मी चंद्रपूरच्या कोळसा खाणीत भूवैज्ञानिक आहे. माझे दोन्ही मामा परभणी जिल्ह्यातल्या वालूरचे, आणि विहीर दोघांच्या बांधावरची, सामाईक.

चंद्रपूरहून बसने नांदेड, तिथून रेल्वेने सेलू. स्टेशनबाहेर वालूरची जीप मिळते, पण भरल्याशिवाय हलत नाही. तुम्ही गेलात तर गोल वळत उतरणाऱ्या पायऱ्यांची दगडी बारव चुकवू नका. मी मात्र थेट शेत गाठलं.

खोदकाम बंद होतं. “चुलीत टाकला तर धूर निघाला,” थोरले मामा म्हणाले. “आता मोजणी होऊ दे. कोणाचा किती ते कळंल.” धाकटे मामा पलीकडच्या बांधावर पाठ करून बसले होते.

“मी उतरून बघते.”

“लय खोल हाय, माय. नको.”

“खाणीत कायम उतरते, मामा.” हेल्मेट घालून मी विहिरीवरच्या क्रेनच्या, म्हणजे यारीच्या, पाळण्यात बसले.

आधी काळी माती, मग मुरूम, मग लाव्हाचा कठीण काळा दगड. तळाशी वीतभर मऊ काळा थर, त्यात गोगलगायींचे चिमुकले शंख. त्याखाली पुन्हा लाव्हाच, पण भेगाळलेला आणि ओलसर.

वर येऊन मी त्या थराचं ढेकूळ पाण्याच्या बादलीत टाकलं. बघता बघता त्याचा चिखल झाला.

“म्हंजी कोळसा न्हाईच?” धाकटे मामा बांध ओलांडून आले.

“नाही. लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याचा हा गाळ. पाला कुजला म्हणून काळा, म्हणून धूर. आमच्याकडे कोळशाखाली वाळूचा दगड असतो, त्याखाली बर्फाने वाहून आणलेल्या गोट्यांचा थर. ते सगळं लाव्हाच्या कितीतरी आधीचं. इथे असलंच तर विहिरीच्या आवाक्याबाहेर.”

“एवढं शिकून हेच सांगाया आलीस?” थोरले मामा कडाडले.

“हो, हेच. आणि पुढे खोदा, पाण्यासाठी.”

दोघेही आपापल्या घरी गेले. त्या रात्री मी हट्टाने दोन्ही घरी जेवले, अर्धी भाकरी इकडे, अर्धी तिकडे. ठेचा दोन्हीकडे सारखाच जहाल. निघताना सोडायला कोणीच आलं नाही.

चंद्रपूरला परतल्यावर नदीकाठी उघडा पडलेला तो गोट्यांचा थर मी पुन्हा हात लावून पाहिला. खरं बोलले होते, तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

पुढच्या आठवड्यात थोरल्या मामांचा फोन आला. “पाणी लागलं, पोरी. गोड हाय.” मग म्हणाले, “धर, ह्याला बोलायचंय.” आणि त्यांनी फोन धाकट्या मामांच्या हातात दिला.