पाटणकरकाकांचे कान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात तर नाहीच. तुम्ही ऐकताय म्हणून बोलते — बसा जरा.

आमच्या इंदिरानगरात मला सगळे ताई म्हणतात. महिला मंडळात महिलादिनाचं भाषण ठरलेलं, माझंच. शाळा सातवीतच सुटली, पण मिळेल ते वाचत गेले, बोलायला शिकले. बाईनं उंबऱ्याबाहेर पडावं, मोकळं हसावं — किती वर्षं सांगतेय. आणि खरं सांगू? हे सगळं जगून कुणी दाखवलं असेल, तर माझ्या सुनेनं. अश्विनीनं.

ती ढोल वाजवते. आपला नाशिकचा ढोल हो — कमरेला बांधला की मागे बाई आहे की नाही कळत नाही. गणपतीच्या आधी रोज संध्याकाळी ऑफिसातून आली की सोसायटीच्या मागच्या मैदानात पोरी जमवायची. एक बँकेतली, एक नर्स, एक तर दिंडोरीहून द्राक्षबागेतलं काम उरकून यायची. तळहाताला फोड आले तरी हसणं चालूच. सगळी बिल्डिंग गॅलरीत. ‘ताई, कसली वाजवते हो तुमची सून’ — रोज हेच. माझं भाषण ऐकायला कुणी असं गॅलरीत आलं होतं का कधी?

मग तीन वर्षांपूर्वी एक दिवस चेअरमनकडे फोनवरून तक्रार गेली आणि मैदानाच्या फाटकाला कुलूप लागलं. तक्रार कुणाची? सगळ्यांनी ठरवूनच टाकलं — तळमजल्यावरचे पाटणकरकाका. ताशा सुरू झाला की तेच खिडकी लावून घ्यायचे ना.

तो फोन — मी केला होता. ‘आवाजाचा फार त्रास होतो, माझं नाव मात्र सांगू नका.’ त्रास? अहो, माझं लाटणं त्या ठेक्यावर चालायचं. पोळ्या इतक्या गोल कधी झाल्या नव्हत्या. मला सोसत नव्हतं ते वेगळंच — मी नुसती बोलत होते, आणि ती करत होती.

पोरी थांबल्या थोड्याच. गोदाकाठी जाऊन सराव केला, पथक दुप्पट झालं. यंदा मिरवणुकीत अश्विनीनं ढोल थेट माझ्या कमरेला बांधला. ‘आई, टिपरू घट्ट धरा, लाटण्यासारखं.’ वाजवला मी. हात खांद्यापर्यंत झिणझिणले आणि इतकी हसले, इतकी हसले की कवळी सांभाळावी लागली.

सोसायटीच्या फाटकाशी पाटणकरकाका उभे होते. पोरी दरवर्षीसारख्या ओरडल्या, “काका, कान झाका, नाहीतर करा परत तक्रार.”

“अगं, मी नव्हती केली गं,” काका म्हणाले. तेही दरवर्षीसारखंच.

पोरी हसल्या. मीही हसले — सगळ्यांत मोठ्यानं. आणि पुढचा ठोका दिला.