शशिधरकाकांची बेटं

शनिवारी सकाळी मी पोह्यांना फोडणी देत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा माणूस आमच्या गल्लीत एकच, शेजारचे शशिधरकाका.

"वरदा, गॅस बंद कर आणि चल. तुझी काकू माझी बेटं दान करायला निघालीय. तू जरा माझ्या बाजूनं बोल."

काका निवृत्त भूलतज्ज्ञ. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात त्यांनी पेशंटना भूल दिली, आणि निवृत्त होऊन लंडनमध्ये, आमच्या स्टॅनमोरला आल्यावर तेच काम घरी येणाऱ्या पाहुण्यांवर चालू ठेवलं. फरक एवढाच, की आता इंजेक्शनऐवजी स्लाइड्स असतात.

सत्तरच्या दशकात दोन वर्षं ते कॅनडाच्या पार उत्तरेला, हडसनच्या उपसागराकाठी, तिथल्या मूळ रहिवाशांच्या, इन्युइटांच्या, एका वस्तीत डॉक्टर होते. तिथला जोनासी नावाचा शिकारी उन्हाळ्यात त्यांना होडीतून समोरच्या बेटांवर न्यायचा, रानबदकांची अंडी गोळा करायला. काकांनी ती अंडी खाल्ली नाहीत, असं सुमनकाकू सांगतात. खाल्ली, असं काकांचा चेहरा सांगतो. स्लाइड्स मात्र पेटीभर काढल्या.

काका परत आल्यावर सरकारनं त्या लोकांशी जमिनीचा करार केला, पण तो किनाऱ्याशी येऊन थांबला. ज्या समुद्रावर आणि बेटांवर त्यांची चूल पिढ्यान्‌पिढ्या चालली, ते राहूनच गेलं. "फ्लॅट नावावर केला, पण स्वयंपाकघर बिल्डरकडेच," असं काका आम्हाला समजावत. तो राहिलेला करार व्हायला पुढची तीस वर्षं गेली. बहुतेक बेटं इन्युइटांच्या मालकीची होणार, समुद्रातल्या शिकारीचे निर्णय घेणाऱ्या मंडळावर त्यांची माणसं बसणार, असं ठरलं. २००६च्या डिसेंबरात त्यावर सह्या झाल्या, तेव्हा काकांनी गल्लीत पेढे वाटले. समोरच्या इंग्लिश आजींना वाटलं, यांना नात झाली. त्यांनी गुलाबी कार्ड आणून दिलं. ते काकांनी फ्रिजवर लावलं.

आता पुढचा उन्हाळा आला होता आणि जोनासीची मुलगी अलासी काकूंच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीत थालीपीठ खात बसली होती. केंब्रिजमध्ये ध्रुव प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्यांकडे ती जुने फोटो बघायला आली होती. काकांनी तिथे आपल्या स्लाइड्सबद्दल कधीतरी कळवलेलं, म्हणून आज ती ट्रेननं इकडे आली.

"मी हिला सगळ्याच्या कॉपीज काढून देतो म्हणतोय," काका मला म्हणाले. "मूळ पेटी कशाला न्यायची?"

"अहो, कॉपीज तुम्ही ठेवा," काकू म्हणाल्या. "माझी लग्नातली पांढरी चादर पडदा म्हणून गेली त्या बर्फापायी. पेटी जाऊ दे तिच्या घरी."

अलासीनं शांतपणे आपलं काम सांगितलं. नकाशावर कितीतरी बेटांना परक्या खलाशांनी दिलेली नावं आहेत. खरी नावं गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी, आणि तेही एकेक करून चाललेत. फोटो समोर ठेवला, की त्यांना आठवतं. तिचे वडील गेले, आणि त्यांचा उन्हाळ्याचा तळ नेमका कुठल्या बेटावर होता, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

तिनं पेटीतून पुठ्ठ्याच्या चौकटीतली एक स्लाइड काढून उजेडात धरली. "डॉक्टर, या पुठ्ठ्यावर काय लिहिलंय? जागेचं नाव?"

काका खिडकीबाहेर बघू लागले. मग मीच वाचलं, "पर्वती."

"आणि हे?"

"चतुःशृंगी." पुढची होती, हनुमान टेकडी, मागच्या बाजूनं.

काकू हसता हसता खुर्चीत बसल्या. "म्हणजे तुम्हीही साहेबच निघालात की."

"अगं, ती नावं जिभेवर बसायची नाहीत," काका म्हणाले. "जोनासी सांगायचा, मी मान डोलवायचो, आणि खोलीवर येऊन पर्वती लिहायचो."

"पर्वती म्हणजे काय?" अलासीनं विचारलं.

"पुण्यातली टेकडी. वर देऊळ आहे."

"तिथे बदकं येतात?"

"पेन्शनर येतात."

ती खळखळून हसली. मला काकांच्या बाजूनं बोलायला नेलं होतं, पण हातात हनुमान टेकडी घेऊन कुठली बाजू मांडणार? मी आपली थालीपिठावर लोणी घालत राहिले.

पुढच्या स्लाइडवर मात्र तिचं हसू थांबलं. एक तंबू, उलटी घातलेली होडी, आणि स्टोव्हपाशी वाकलेला एक माणूस. "बाबांची होडी," ती म्हणाली. "हे कुठलं बेट?"

पुठ्ठ्यावर पर्वतीच होतं. पण काका सांगू लागले: वस्तीतून निघालं की आधी सपाट बेट लागतं, ते डावीकडे टाकायचं, मग एक फुटका काळा खडक, त्याच्या पलीकडचं. तिथे वारा लागत नाही. अलासी लिहून घेत होती, मधेच थांबवून पुन्हा विचारत होती. काकू एरवी याच जागी चहा करायला उठतात. आज उठल्या नाहीत.

सांगून झाल्यावर काकांनी ती स्लाइड पुसली, पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि पेटी तिच्याकडे सरकवली.

"कॉपीज?" मी विचारलं.

"तिला जमेल तेव्हा पाठवेल ती." मग ते अलासीकडे वळले. "मला एकच हवंय. या बेटाचं नाव कळलं, की फोन कर, आणि मला ते नीट म्हणायला शिकव."