पळण्यात जागा एकच

मॅट्रिक झाल्यावर मी हैदराबादला कॉलेजात जाणार होतो. त्या उन्हाळ्यात आमच्या जवळा बाजार गावच्या गायरानात रोज सकाळी एक चाळिशीचा माणूस पळताना दिसायचा. पळता पळता तो सारखा डावीकडे बघायचा. तिकडं कोणीच नसायचं.

तो पूर्वी कॉलेजकडून पळायचा, असं ऐकलं होतं. म्हणून एकदा मी धीर करून विचारलं, "मामा, कॉलेजकडून खेळायला कोणत्या खेळात लवकर घेतात?"

"हॉकीत जा," तो म्हणाला. "पोरं लई येतात, पण जागा अकरा. फुटबॉलचं बी तसंच. पळण्यात आमच्या वक्ताला एकच जागा होती. ती मी दोस्ताला हरवून घेतली."

"मग दोस्तानं काय केलं?"

"त्याच साली तापानं गेला. पण पळणं सोडलं न्हाई त्यानं." हे त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. "ये, पळून बघ. माझ्या उजवीकडून ये."

मी त्याच्यासोबत बाभळीपर्यंत पळालो. तिथं आम्ही दोघं थांबलो. त्याच्या पलीकडून मात्र अनवाणी पावलांचा आवाज थोडा पुढं गेला आणि मग थांबला. मी तिकडं पाहिलं, कोणीच नव्हतं.

"आज तो पुढं गेला," तो माणूस म्हणाला, आणि खाली बसून समाधानानं हसला.

मी पुढं हॉकीच खेळलो. हरल्याचा तसा आनंद मात्र पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिला नाही.