तीन गंजांचा भात

माझे बाबा दुसऱ्या कोणी भात शिजवलेल्या लग्नात जेवायला बसले, की आम्ही भावंडं त्यांच्यापासून चार पानं दूर बसायचो. पहिला घास तोंडात गेला की ते जाहीर करायचे, "भाताले पाणी जास्त झालं." तेही नवरीच्या बापासमोर. आई पदर तोंडाला लावायची आणि मी पत्रावळीत डोकं खुपसायचे. बाबांना मात्र कोणी काही म्हणत नसे, कारण आमच्या गावात आणि सावली तालुक्यातल्या आसपासच्या चार-पाच गावांत मोठ्या पंगतीचा भात तेच शिजवायचे. तो काही त्यांचा धंदा नव्हता. पोटापाण्याला धानाच्या चार बांध्या, म्हणजे खाचरं, होती. भात शिजवायचे ते निव्वळ हौसेनं, आणि जेवायचे सगळ्यात शेवटच्या पंगतीला.

स्वतःचा भात बिघडला, तरी ते तेवढ्याच मोठ्यानं सांगायचे. एकदा एका नामकरणाच्या जेवणात भात खालून लागला. चुलीवरचे त्यांचे जोडीदार, ज्यांना आम्ही काकाजी म्हणतो, ते म्हणाले, "गपचूप वरचा वर वाढू. कोणाले मालूम होते?" बाबा हातात झारा घेऊन पंगतीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "आज भात लागला. माही चूक हाये, मी गप्पा मारून राह्यलो होतो. वास येईन, पण जेवा." लोक हसले आणि जेवले. घरी येताना मी विचारलं, सांगितलं काऊन बाबा? ते म्हणाले, "जेवणाऱ्याच्या जिभेले मालूम पडतेच, पोरी. त्यानं सांगाच्या आधी आपण सांगून टाकावं."

हे वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं ते कायमचं. मी चंद्रपूरला एका लहानशा लॅबमध्ये रक्त तपासते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून दोन माणसांच्या नळ्या अदलाबदल झाल्या. ध्यानात आलं तोवर दोघंही रिपोर्ट घेऊन घरी गेले होते. मालक म्हणाले, उद्या बोलावून घेऊ, कॉम्प्युटरचा घोळ झाला म्हणू. मी फोन उचलला आणि दोघांनाही सांगितलं, माझी चूक झाली. एकानं मला दहा मिनिटं फाडून खाल्लं. दुसऱ्याला साखर निघाली होती, ती नाहीच म्हटल्यावर तो दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. मालक पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पेढे मात्र त्यांनी खाल्ले.

गेल्या वर्षी, धानाची कापणी उरकली आणि बाबा गेले. वय झालं होतं, फार हाल झाले नाहीत, याचं समाधान आहे. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांच्या नावानं वंदना आणि जेवण घालायचा, दिवस ठरला आणि प्रश्न आला, भात कोण शिजवणार? काकाजींचे हात आता थरथरतात. भाऊ म्हणाला, सावलीहून केटरर आणू. मी म्हटलं, बाबांच्या जेवणाचा भात मी शिजवणार. ओट्यावर बसलेल्या गडीमाणसांनी एकमेकांकडे पाहिलं. घरातला भात बायकांचा आणि मांडवातला पुरुषांचा, असा आमच्याकडे न लिहिलेला कायदा आहे. पण मी बाबांचीच लेक, हट्टाला कमी पडणार थोडीच. मला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती. जेवून उठताना एकानं तरी म्हणावं, भात बापावाणी झाला.

अशा जेवणाला आमच्याकडे घरटी पायलीभर तांदूळ येतात, कोणी पिशवीत आणतं, कोणी टोपलीत. बाबा प्रत्येक पिशवीतले चार दाणे तोंडात टाकून चावत बसायचे. आई ओरडायची, "कच्चे तांदूर खाऊ नका, पोरीच्या लग्नात पाणी येईन." माझ्या लग्नात ते आलंही, ऐन मे महिन्यात, आणि आईनं मांडवातच बाबांना धारेवर धरलं. आम्हाला ती त्यांची खोडच वाटायची, कोणाला तंबाखूची असते तशी. म्हणून मी काही चावत बसले नाही. पिशव्या आल्या तशा तीन मोठ्या पितळी गंजांत रिकाम्या केल्या, तिन्हींत सारखं पाणी ओतलं, तिन्हींखाली सारखा जाळ लावला.

झाकणं काढली तेव्हा पहिल्या गंजात नुसती खळ होती. दुसरा बरा होता. तिसऱ्यात शिताशिताला कणी. काकाजी काठी टेकत आले आणि त्यांनी दोन शितं बोटांत चेपून पाहिली.

"तांदूर चावून पाह्यले होते काय?"

"काऊन चावायचे?"

"अव, नवा तांदूर दाताले चिकटते, जुना कटकन तुटते. तुह्या पहिल्या गंजात नवाच जास्त पडला, तिसऱ्यात जुना. नवा एका गंजात टाकाचा, जुना दुसऱ्यात, पाणी अलग अलग. तुहा बाप का उपाशी होता काय, कच्चे तांदूर खावाले?"

लहानपणापासून मी ते पाहत आले होते आणि एकदाही विचारलं नव्हतं. माझा मलाच राग आला. तिकडे वंदना संपून पंगत बसली होती. भाऊ कानाशी येऊन म्हणाला, मधला गंज आधी वाढू, बाकीचं मग पाहू, मयताच्या घरी कोण नाव ठेवते? त्याचं खरं होतं. कोणीच नाव ठेवलं नसतं. मुकाट्यानं गिळलं असतं, आणि तेच मला सोसवलं नसतं. मी झारा उचलला आणि पंगतीत जाऊन उभी राहिले.

"भात बिघडला," मी म्हटलं. "एका गंजाचा गिचका झाला, एकात कणी राह्यली. नवा-जुना तांदूर मी पाह्यलाच नाई. माही चूक हाये."

टोकाला बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मले गिचका वाढ व माय. दात कुठी राह्यले आता?" समोरून एक पोरगेला गडी म्हणाला, "आमच्याकडे कणीचा येऊ द्या." काकाजींना तेवढंच पुरलं. त्यांनी काठीनं पंगतच वाटून टाकली, बिनदाताचे इकडे आणि दातवाले तिकडे. एका आजोबांनी नुकतीच कवळी बसवली होती. आपण कोणत्या बाजूचे, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांच्या घरच्या आजीनं हाताला धरून त्यांना आपल्याजवळ, बिनदाताच्या बाजूला बसवलं, आणि त्या दुःखाच्या मांडवात लोक खदाखदा हसले. तिन्ही गंज रिकामे होत आले.

शेवटच्या पंगतीला भांडी घासणाऱ्या बायांसोबत मी आणि काकाजी बसलो. जेवून गेलेल्यांपैकी कोणीही मला हवं होतं ते म्हटलं नव्हतं. न राहवून मीच विचारलं, "भात बाबावाणी नाई झाला ना, काकाजी?"

"नाई झाला," ते म्हणाले. "तसा भात आता नाई भेटत." त्यांनी उचललेला घास पुन्हा पत्रावळीवर ठेवला. "पण तू झारा घेऊन उभी राह्यली, तवा मले वाटलं, तोच बोलून राह्यला."

बाबा गेले त्या दिवशीही मी रडले नव्हते, सगळ्यांचं पाहण्यातच दिवस गेला होता. आता मात्र मला रडू आवरेना. शेजारच्या बाईनं माझ्या पानात आणखी भात वाढला. तो कणीचाच होता. मी रडत रडत सगळा खाल्ला.