शिफारस नाही

नामदेव गजभिये हवालदार कुणाच्याही घरी चौकशीला गेले की आधी पाणी मागायचे, आणि कुणी आणून दिलेलं पाणी मात्र प्यायचे नाहीत. "बसा न जी, तुम्ही काहून उठता? मी घेतो," म्हणत थेट स्वयंपाकघराच्या दारात. टोपी काखेत, बूट बाहेर काढलेले. आत जी कुणी बाई असेल तिच्याशी दोन शब्द बोलत उभ्याउभ्या पेला रिकामा करायचे. मला वाटलं, माणूस फार साधा आहे. साधा! माझी वाट इतक्या गोडीनं आजवर कुणीच लावलेली नाही.

झालं असं, की त्या वर्षी आमच्या वसाहतीत पंधरा दिवसांत दोन घरं फुटली, तीही दिवसाढवळ्या. माझं मानेवाडा रोडवर नळ-तोट्यांचं दुकान. मी सकाळी जाणार तो संध्याकाळी येणार, शोभा दिवसभर घरी एकटी. भीती वाटणारच. मी रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज टाकला. हे झालं अर्जात लिहिलेलं कारण. न लिहिलेलं कारण असं, की मौद्याला माझा मेहुणा ठेकेदारी करतो, त्याच्याकडे रिव्हॉल्व्हर आहे, आणि दसऱ्याला तो ते पाटावर ठेवून, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून अशा काही तोऱ्यात पूजा करतो, की माझ्या दुकानातल्या पाना-पक्कडीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. वीस वर्षं मी पक्कड पूजतो आहे. माणसाला काही इभ्रत असते की नाही?

तर अर्ज वरून फिरत फिरत आमच्या ठाण्यात आला आणि चौकशीला गजभिये आले. लहानखुरे, खिशाला दोन पेनं, बोलणं असं की जणू लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेत. त्यांनी विचारलं, "बंदूक आली तर ठेवाल कुठं जी?"

"कपाटात, साड्यांच्या खाली."

"हे कोणाकोणाले माहीत आहे?"

"घरात सगळ्यांना. मेहुण्यालाही सांगितलं आहे," मी छाती फुगवून सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि पाणी मागितलं.

मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होतो. आत त्यांनी शोभाला विचारलं, "ताई, साहेबांले राग आला का काय करते?" आणि आमची ही बाई, जी पाहुण्यांसमोर साधा खोकलासुद्धा दाबून धरते, ती म्हणाली, "काही नाही जी, हातात असन ते फेकते." वर हसली. "अन् फ्रिजले हे काय झालं?" "ते मागच्या दिवाळीतलं. तांब्या फेकला होता यांनी. मले नाही लागला, फ्रिजले लागला." पुन्हा हसली. बाहेर मीही हसलो. चालायचंच, म्हटलं, संसार आहे. गजभिये मात्र हसल्याचं काही ऐकू आलं नाही. पेला विसळून पालथा घातला, नमस्कार केला आणि गेले.

दीड-दोन महिन्यांनी अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. मी खटपट करून चौकशी अहवालाची नक्कल मिळवली. त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'अर्जदार यांचे चारित्र्य चांगले. गुन्हा दाखल नाही. तथापि रागाच्या भरात हातातील वस्तू फेकण्याची सवय असल्याचे घरच्यांच्या बोलण्यावरून समजते. फ्रिजवरील खूण समक्ष पाहिली. शिफारस नाही.' फ्रिजवरील खूण! सरकारी कागदावर माझा फ्रिज!

मी शोभावर उखडलो. "तुले कोणी सांगितलं होतं खरं बोलाले?"

"त्यायनं विचारलं म्हणून सांगितलं. तुम्ही कधी विचारलं का मले, घरात बंदूक पाहिजे का नको म्हणून?"

मी दुकानाची पिशवी उचलून तडक ठाण्यात गेलो. निवडणुकीचे दिवस होते. अशा वेळी परवानाधारकांना आपापली हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात, त्याची रांग लागली होती. गजभिये टेबलाशी बसून एकेका बंदुकीला नावाची चिठ्ठी बांधत होते, तान्ह्या पोराच्या मनगटाला काळा दोरा बांधावा इतक्या जपून. मी रांगेला न जुमानता समोर उभा राहिलो आणि सुरू झालो. "चोराले परवाना लागते का हो? त्याच्याकडं गावठी कट्टा असणार, अन् माझ्या बायकोनं काय लाटणं घेऊन उभं राहायचं?"

"चोराले नाही लागत परवाना. म्हणून तर चोर पकडाचं काम आम्हाले दिलं."

"अन् पकडता कुठं तुम्ही? ती दोन घरं फुटली, सापडला कोणी?"

रांगेतले लोक माझ्याकडे पाहू लागले. गजभियेंनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. "नाही सापडला," ते म्हणाले. "बरोबर बोलून राहिले तुम्ही. त्याची लाज मले आहे. पण माझी लाज झाकाले तुमच्या घरात बंदूक देऊ का?"

मी म्हटलं, मग सगळ्यांचंच नाकारा, कायदाच करून टाका तसा. त्यावर त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि उमरेडकडच्या एका शेतकरीण बाईची गोष्ट सांगितली. पूर्वी त्या भागात नोकरीला असताना तिचा अर्ज त्यांच्याकडे आला होता. रानडुकरं थेट अंगणात शिरायची. "मी तिले विचारलं, बाई, बंदूक ठेवशीन कुठं? ते म्हणते, तुमाले काहून सांगू? म्हटलं, पोलिस आहो मी. ते म्हणते, असन. मी तिथंच लिहून टाकलं, शिफारस आहे. बंदुकीशी माही काही दुश्मनी नाही जी. पण ते घरात आली का चोर येईपर्यंत वाट पाहत बसत नाही. घरातल्या घरात कामाले लागते. इतक्या वर्षांत परवान्याच्या बंदुकीपायी मेलेले मी पाहिले, कोणाचा भाऊ, कोणाचा शेजारी, वरातीतला एक बँडवाला. चोर मेलेला मले अजून पाहाचा आहे."

"ते लोक वेगळे. मी तसा नाही," मी म्हणालो.

"नसान," ते म्हणाले, आणि माझ्या पिशवीतून डोकावणारी नमुन्याची पितळी तोटी काढून त्यांनी हातात तोलली. "हे भरते तितकंच रिव्हॉल्व्हर भरते. एक काम करा. एक महिना हेच तुमचं रिव्हॉल्व्हर. पेटीत ठेवा, कुलूप लावा, चाबी तुमच्यापाशी. सहा काचेच्या गोट्या घ्या, त्या काडतुसं. त्या वेगळ्या डब्यात. कुठं ठेवलं हे बायकोले बी नाही सांगाचं. अन् पेटी उघडाची नाही. महिनाभर जमलं तर तुम्ही अपील करा, मी सोता साहेबांसमोर येऊन सांगतो, माहं चुकलं."

पोरखेळच होता. पण मी चिडका आहे तसा हट्टीही आहे. म्हटलं, ठीक आहे, बघाच आता.

काय सांगू त्या महिन्याचे हाल! एक तोटी सांभाळणं इतकं कठीण असेल असं ती विकणाऱ्याला कधी वाटलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना मध्येच आठवायचं, चावी कुठे आहे? एकदा आंघोळीला जाताना ती पँटच्या खिशात राहिली आणि पँट धुण्यात गेली. मी टॉवेल गुंडाळून धुण्याच्या बादलीपर्यंत धावलो. शोभाला जागा सांगायची नव्हती, पण तिनं झाडताना पेटी तिसऱ्याच दिवशी शोधून काढली. रोज पेटीकडे बोट दाखवून विचारायची, "साहेब जेवले का आत?" मी दातओठ खायचो. तरी दिवस सरकत होते आणि मला खरोखर वाटू लागलं होतं, की आपण जिंकणार. अपिलाचा मसुदासुद्धा वकिलाकडून तयार करून घेतला.

तेविसावा दिवस. मे महिना, नागपूरचा. सकाळी सहालाच भिंती तापलेल्या, रात्रभर कूलर चालून टाकी कोरडी, आणि नळाला करंगळीएवढी धार. पलीकडून ठवकरांचा टिल्लू पंप घरघरत होता. ठवकर म्हणजे आमचे शेजारी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नळाला थेट पंप लावायचे आणि आमच्या वाट्याचं पाणी ओढून घ्यायचे. त्यावरून आमची वर्षानुवर्षं धुसफुस होती. मी भिंतीपाशी जाऊन ओरडलो. तेही ओरडले. गल्लीतले लोक बाहेर आले. मग ठवकर म्हणाले, "नळ काय तुमच्या बापाचा आहे का?"

त्यानंतरचं मला खरंच आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी पुन्हा भिंतीपाशी उभा होतो, उजवा हात ठवकरांच्या छातीच्या रोखानं ताणलेला, आणि हातात तोटी होती. ठवकरांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "तोटी काय दाखवून राहिले जी? पाणी कुठं आहे त्याच्यातून याले?" अख्खी गल्ली हसली. एक जण तर खाली बसून हसला.

शोभा हसली नाही. ती दारात उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी आत गेलो. पेटी सताड उघडी, चावी कुलपात. डाव्या मुठीत काहीतरी टोचत होतं म्हणून मूठ उघडली. सहाही गोट्या होत्या. मी वेगळ्या खोलीत जाऊन, वेगळा डबा उघडून त्या घेतल्या होत्या. मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो. शोभा शेजारी येऊन बसली. फ्रिज समोरच होता. मी तिला म्हणालो, "तो तांब्या तुले लागला असता." ती म्हणाली, "हो." इतक्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघं त्यावर हसलो नाही. मला स्वतःची इतकी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती.

तसाच ठाण्यात गेलो आणि गजभियेंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, बघा, मी सांगत होतो. त्यांनी फक्त विचारलं, "ठवकर आता काय करून राहिले?"

"पाणी भरत असतील. पंप लावून," मी म्हणालो.

"भरू द्या," ते म्हणाले. "भरू द्या न जी त्याले पाणी. जा, त्याच्याकडं चहा पिऊन या. चहा घेतल्याबिगर घरी जाऊ नका."

मी गेलो. ठवकरांच्या समोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, अर्ज, अहवाल, तोटी, गोट्या. ते आधी खो खो हसले. गोट्यांशी आलो तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. अपिलाचा मसुदा मी तिथेच त्यांच्या टीपॉयवर फाडला. पंप त्यांनी लगेच काढला असं मात्र समजू नका. तो निघायला आणखी दोन उन्हाळे लागले.

गजभिये पुढं निवृत्त झाले आणि मुलाच्या क्वार्टरमध्ये कोराडीला राहायला गेले. मुलगा वीज केंद्रात आहे. वर्षाकाठी दोनदा तरी मी जायचो. अंगणातल्या झाडांवर पडलेली वीज केंद्राची राख पुसत ते विचारायचे, "घर फुटण्याचं काय झालं जी तुमच्याकडं?" ती भीती त्यांनी कधी खोटी ठरवली नाही. त्यांच्याच सांगण्यावरून वसाहतीनं गल्लीच्या तोंडाशी दिवे लावून घेतले, दुपारी आळीपाळीनं बायकांची बैठक एकेकीच्या ओट्यावर भरू लागली. चोर पुन्हा आलाच नाही असं नाही, पण आला तेव्हा ओट्यावरच्या सात बायकांनी त्याला "कोणाकडं आले जी?" एवढंच विचारलं आणि तो परत फिरला. हे ऐकून गजभिये पोट धरून हसले होते. घरी माझा राग गेला असं म्हणणार नाही. पण शोभा आता तोंडावर सांगते, "हात रिकामे करा आधी, मंग बोला," आणि मी करतो.

गेल्या हिवाळ्यात गजभिये गेले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या श्रद्धांजलीच्या, दिवशी मी कोराडीला निघालो, तर ठवकर धुतलेला सदरा घालून फाटकाशी उभे. त्यांनी गजभियेंना उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. "मी बी येतो," म्हणाले आणि स्कूटरवर मागे बसले.

तिथं वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. आम्ही फोटोपुढं फुलं वाहिली. ठवकर जरा जास्तच वेळ हात जोडून उभे राहिले. गजभिये वहिनी मला ओळखत होत्या. त्यांनी ठवकरांकडे पाहून विचारलं, "हे कोण आहेत भाऊ?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ठवकरच पुढं झाले.

"मी यांचा शेजारी," ठवकर म्हणाले.

वहिनींनी त्यांना वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "हो का? या, बसा. आमचे हे लई दिवसांपासून म्हणत होते, ज्याच्यावर तोटी रोखली, त्या माणसाले एकदा पाहाचं आहे."