एका ताटातली गोळी

मनोरुग्णांच्या नातेवाइकांना समजावण्याचं काम माझ्याकडे आलं ते सत्तरच्या दशकात, सांगलीच्या एका दवाखान्यात. पात्रता म्हणाल तर काही महिन्यांचं प्रशिक्षण आणि जन्मजात खणखणीत आवाज. त्यात मी साताऱ्याची. समोरच्याला शहाणं केल्याशिवाय आमच्या घरात कुणाला अन्न पचत नसे. डॉक्टर रोग्याला पाच मिनिटं तपासून घरच्यांना माझ्या टेबलाकडे पाठवायचे आणि मी त्यांना अक्कल वाटायचे.

शिराळ्याकडचं एक कुटुंब असंच माझ्या वाट्याला आलं. म्हातारी आई, ऊस करणारा थोरला मुलगा आणि पलटणीतून आजारी म्हणून घरी पाठवलेला धाकटा. आपल्या जेवणात कुणीतरी विष कालवतंय, ही धाकट्याची धास्ती. वॉर्डात इंजेक्शनांवर तो बराच सुधारला होता, पण गोळी म्हटलं की तोंड घट्ट मिटायचा. घरी न्यायचं तर गोळी रोज पोटात जायलाच हवी होती.

मी म्हातारीला बाजूला घेतलं. "मावशी, त्याला सांगायचंच नाही. गोळी कुटायची आणि कालवणात घालायची." ज्याला अन्नात काहीतरी कालवल्याची भीती, त्याच्या अन्नात काहीतरी कालवा, असा तो माझा सल्ला. मला तेव्हा तो फारच हुशारीचा वाटला होता.

महिन्यानं तिघं तपासणीला आली. धाकटा अजून घाबरलेला, आणि थोरला बाकावर बसल्या बसल्या पेंगत होता. "गोळी देता ना?" मी दरडावून विचारलं. "देती की वो बाई, रोज कुटून घालती," म्हातारी म्हणाली. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढच्या महिन्यात धाकटा थोडासाच बरा, आणि थोरला भिंतीला डोकं टेकून चक्क घोरत होता. मी त्याला हलवून म्हटलं, "दवाखान्यात तरी शुद्धीवर येत जा." त्यानं डोळे उघडले, "व्हय बाई" म्हणाला आणि परत मिटले. मी केसपेपरवर लिहिलं : नातेवाईक बेफिकीर, भाऊ दारू पीत असावा. तोंडाला वास नव्हता, पण असल्या किरकोळ गोष्टीसाठी मी कशाला अडून राहीन?

तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, घरी जमत नाही, लांबच्या मोठ्या इस्पितळात पाठवू. तिथं गेलेल्याकडे घरचे आधी महिन्यानं यायचे, मग दिवाळीला, मग येतच नसत. हे मी प्रशिक्षणात पाहिलं होतं. संमतीचा कागद मी थोरल्यापुढे सरकवला. हा आनंदानं सही ठोकणार याची मला खात्रीच होती.

त्यानं कागद परत माझ्याकडे सरकवला. "ह्यो तिकडं गेला तर परत न्हाई यायचा. मी सही करत न्हाई."

"मग घरी औषध नीट का देत नाही?"

"देती की," म्हातारी मधेच म्हणाली. "पर दोघं एकाच ताटात जेवत्यात, बाई. ल्हानपणापासनं. थोरल्याचं लगीन झालं तरी ती रीत मोडली न्हाई. आता तर ह्यो धाकटा दुसऱ्या ताटाला शिवतबी न्हाई."

म्हणजे अर्धी गोळी धाकट्याला आणि अर्धी थोरल्याला. तीन महिने मी एवढी प्रवचनं दिली, पण तुम्ही जेवता कसे, हे काही विचारलं नव्हतं.

"तुम्हाला कळलं नाही?" मी थोरल्याला विचारलं.

"पयल्या दिशीच कडू लागलं." तो खाली बघत बोलला. "पर मी हात आखडला असता तर त्यानंबी आखडला असता. म्हनून खात ऱ्हायलो."

तीन महिने हा माणूस भावाचं औषध खाऊन, झापड आलेल्या डोळ्यांनी उसात राबत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केसपेपरवरची ती ओळ मी खोडली.

धाकटा शेजारीच उभा होता. इतक्या दिवसांत त्याच्याविषयी मी सगळ्यांशी बोलले होते, त्याच्याशी सोडून. मी उठले, गोळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, "ही तुमची गोळी. यानं भीती कमी होते. कालवणात घालायला मीच सांगितलं होतं. चुकलं माझं."

त्यानं गोळी उलटसुलट करून पाहिली. मग त्यानं नखानं तिचे दोन तुकडे केले, एक तोंडात टाकला आणि दुसरा भावापुढे धरला.

"दादा, तुजी."

थोरल्यानं त्याची मूठ मिटवली. "आता समदी तुजीच, गड्या," तो म्हणाला. "मला उसाला पानी पाजायला जागं ऱ्हाऊ दे."