पिवळी रेघ

माझ्या थोरल्या भावाला सगळे कानसेन म्हणतात. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. हे नाव पडलं ते त्याच्या लांब स्क्रू-ड्रायव्हरमुळे. इंजिन चालू असताना तो त्याचं टोक इंजिनवर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटून उभा राहतो. मग बोट ठेवून म्हणतो, "इथे." उघडून बघावं तर दुखणं नेमकं तिथेच असतं.

दादाच्या शेडमध्ये एकाच जातीच्या गाड्या येतात. उंच, जुन्या, लांब पल्ल्याच्या, आणि एवढ्या धिप्पाड असून सिलिंडर एकच. तरुणपणी डोंगर-वाळवंटं तुडवून झाली की म्हातारपणी त्या आमच्याकडे येतात, कुणी ऑइल पिते म्हणून, कुणी तापली की रुसते म्हणून. दादा त्यांच्याशी माणसांपेक्षा जास्त बोलतो. माणसांशी बोलायची त्याला चोरीच आहे, कारण खोटं बोलता येत नाही. लहानपणी बरणी फोडली तर आई घरी यायच्या आत रस्त्यावर जाऊन तिला सांगून आला होता. गिऱ्हाइकालाही तोंडावर सांगतो, "गाडी चांगली आहे, तुम्ही वाईट चालवता." लग्न जमलं नाही त्यात नवल काय! मी मात्र त्याच्याजवळच राहते. का, ते सांगते.

या गाड्यांच्या पोटात एक भानगड असते. एकट्या पिस्टनचे हादरे मोडायला आत वजनं फिरतात. ती वजनं एका चेनवर चालतात, आणि चेन ताणून धरायला करंगळीएवढी स्प्रिंग असते. स्प्रिंग तुटली की चेन सैल पडते आणि कधीतरी भर रस्त्यात इंजिन स्वतःचाच चुराडा करून घेतं. चेन ताणायची सोपी रीत आहे. बाहेरून एक बोल्ट सैल करायचा, आतली स्प्रिंग ढिलाई ओढून घेते, बोल्ट पुन्हा आवळायचा. पाच मिनिटांत मोकळे. पण स्प्रिंग आधीच तुटलेली असली तर त्याच बोल्टने चेन आणखी ढिली होते, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून झाकण काढून स्प्रिंग डोळ्यांनी बघितल्याशिवाय दादा त्या बोल्टला हात लावत नाही. झाकण परत बसवलं की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून झाकणापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढतो. दुसऱ्या कुणी पाना लावला तर रेघ तुटते आणि दादाला कळतं.

तुटलेले भाग तो फेकत नाही. फळीवर पत्र्याचे डबे आहेत, त्यांची देखभाल माझ्याकडे. प्रत्येक तुकड्याला मी पांढरा दोरा गुंडाळते, चिठ्ठी बांधते. शिवणाचा दोरा, माझ्याच टोपलीतला.

दादाने हा नियम आयुष्यात एकदाच मोडला. माझ्या नवऱ्याच्या गाडीवर.

अकरा वर्षं झाली. हे दुसऱ्या दिवशी पहाटे लांब जाणार होते. एकटेच जायचे, आठ-आठ दिवस. चेन ताणायची होती, आणि झाकण उघडलं की नवं घालावं लागतं ते गॅस्केट दुकानात संपलेलं. "उघडताय कशाला? बोल्ट फिरवा आणि मोकळे व्हा," हे हसत म्हणाले. मेव्हण्याचा शब्द दादाला मोडवेना. त्याने बोल्ट सैल केला. आतून बारीक आवाज आला, टिक्. "ओढलं स्प्रिंगने," दादा म्हणाला आणि बोल्ट आवळला. मी तिथेच उभी होते.

तिसऱ्या दिवशी गाडी सापडली. घाटातल्या एका वळणावर, साइड स्टँडवर उभी. आरशाला हेल्मेट अडकवलेलं. माणूस नाही. त्या आठवड्यात धुकं इतकं होतं की हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. दरी आठ दिवस धुंडाळली. काही मिळालं नाही, बूटसुद्धा नाही. पोलिसांनी गाडी टेम्पोत घालून ठाण्याच्या आवारात नेली. पंधरा दिवसांनी बटण दाबून बघितलं, सुरू झाली नाही. सगळ्यांनी मिळून हिशेब लावला: गाडी बंद पडली, मदत शोधायला चालत निघाले, धुक्यात पाय घसरला.

मी तो हिशेब मान्य केला. मला तोच हवा होता. घरी परतायच्या धडपडीत गेलेला माणूस म्हणून मी त्यांच्यासाठी रडले, कपडे वाटून टाकले, आणि दादाकडे राहायला आले. दादा मात्र त्या 'टिक्'मध्येच अडकून पडला. वर्षभर त्याने स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला नाही. एकदाच मला म्हणाला, "स्प्रिंगने ओढल्याचा आवाज होता की तुटल्याचा, मला सांगता येत नाही गं." गाडी लिलावात गेली तेव्हा तो बघायलाही गेला नाही.

गेल्या महिन्यात, भर दुपारी, ती गाडी आमच्या दारात आली.

वळणापलीकडून आवाज आला तेव्हाच दादाच्या हातातली कानस थांबली. मीही ओळखला. संसार होता तोवर तो आवाज अंगणात शिरला की मी स्टोव्हवर आधण ठेवत असे. मी फळीला धरून उभी राहिले. गाडीवरून उतरला एक दाढीवाला फोटोग्राफर. त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

"इंजिनात कुणीतरी ठोकतंय हो," तो म्हणाला. "टकटक टकटक असं नाही. तीनदा ठोकतं, मग थांबतं. मी बंद केल्यावरसुद्धा."

"बंद इंजिन ठोकत नाही," दादा म्हणाला.

"तेच तर म्हणतोय मी."

तो बोलघेवडा होता. महिन्याभरापूर्वी गाडी घेतली. आधीच्या मालकाने लिलावात घेऊन शोभेला ठेवली होती, अकरा वर्षांत पाचशे किलोमीटरसुद्धा चालवली नाही. "आणि गंमत बघा, लिलावातून आणली तेव्हा त्याने फक्त नवी बॅटरी टाकली. पेट्रोलचा कॉक बंद होता तो उघडला, आणि पहिल्या बटणाला सुरू! काही म्हणजे काही दुरुस्त करावं लागलं नाही."

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही. हे कॉक बंद करायचे ते फक्त घरी आल्यावर, आता पुन्हा निघायचं नाही म्हणजे. रस्त्यात कधीच नाही. मी त्यावरून त्यांना चिडवायची.

फोटोग्राफर गाडी ठेवून गेला. दादाने दहा मिनिटांत दुखणं शोधलं. इंजिनखालच्या पत्र्याचा बोल्ट ढिला होता, तो आवळला. खरं तर तिथे काम संपलं होतं.

तापलेलं इंजिन थंड होताना टकटकतं, हे आमच्या शेडमधल्या मांजरालाही ठाऊक आहे. अर्ध्या तासात गप्प होतं. ही गाडी बाराला आली होती. चार वाजता मी चहा घेऊन गेले तर आवाज येतच होता. टक. टक. टक. मग शांत. मग पुन्हा तीनदा. दादाने सिलिंडरवर तळवा ठेवला.

"थंड आहे," तो म्हणाला.

"मग?"

त्याने तळवा तिथेच ठेवला. मी भुताखेतांना भीक घालणारी बाई नाही. पण माझे पाय गार पडले होते, आणि दारातून ऊन सरळ आत येत होतं.

दादा गुडघ्यांवर बसला आणि झाकणावरची धूळ अंगठ्याने पुसली. त्या दिवसाच्या आधी कधीतरी झाकण उघडलं तेव्हा त्यानेच ओढलेल्या पिवळ्या रेघा फिक्या झाल्या होत्या, पण सगळ्या अखंड होत्या. एकही तुटलेली नव्हती. म्हणजे त्याच्यानंतर झाकण कुणीच उघडलं नव्हतं. आत जे होतं ते त्या दिवशीचंच होतं.

"उघड," मी म्हणाले.

"राहू दे गं. अकरा वर्षं झाली."

"उघड म्हणते ना. तुटली असेल तर तुटली. मला कळू दे."

त्याने बराच वेळ हात पुसले. मग म्हणाला, "बाजारातून गॅस्केट घेऊन ये."

गॅस्केट भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं होतं. मला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं. तरी मी चपला घातल्या आणि निघाले, कारण मला भीती वाटत होती. स्प्रिंग तुटलेली निघाली तर भावाने नवरा मारला. आणि अखंड निघाली तर काय, हा विचार मी बाजारापर्यंत करत गेले आणि पुरा केला नाही.

परतले तेव्हा शेडमध्ये चिडीचूप होतं. टकटक थांबली होती. झाकण परत बसवून झालं होतं आणि बोल्टांवर नव्या रेघा ओल्या चमकत होत्या. दादा जमिनीवर बसला होता. तोंड ओलं होतं. त्याने मूठ उघडली. तळव्यावर ऑइलने माखलेली स्प्रिंग, दोन तुकडे.

"तुटलेलीच होती," तो म्हणाला. "माझ्यामुळे बंद पडली गाडी. माझ्यामुळे गेले ते. तुला काय बोलायचं ते बोल."

मी तुकडे हातात घेतले, दाराशी उजेडात नेले. एका तुकड्याच्या टोकाच्या आकड्यात पांढऱ्या दोऱ्याचे दोन धागे अडकलेले होते. तेलात भिजलेले, पण दोरा माझा होता. मी गुंडाळलेला. फळीवर बघितलं तर स्प्रिंगांच्या डब्याचं झाकण तिरकं बसलेलं.

ज्याला बरणी लपवता आली नाही, तो माझ्यासमोर बसून खोटं बोलत होता.

आतली स्प्रिंग धडधाकट होती. चेन ताठ होती. गाडीला काही म्हणता काही झालं नव्हतं. यांनी ती नीट स्टँडवर लावली, हेल्मेट अडकवलं, कॉक बंद केला आणि धुक्यात चालत गेले. आपण होऊन. दादाला हे अर्ध्या तासापूर्वी कळलं होतं. अकरा वर्षांचं ओझं उतरलं होतं त्याचं, आणि मला टाकून गेले हे मला कळू नये म्हणून त्याने ते उचलून पुन्हा डोक्यावर घेतलं.

मला नवऱ्याचा इतका संताप आला की हातातले तुकडे बोटांत रुतले. आणि दादाची इतकी माया आली की ओरडावंसं वाटलं. दोन्ही गिळलं.

"माफ केलं, दादा," मी म्हणाले.

तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. ते रडणं खोटं नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी फोटोग्राफर आला. पहिल्या बटणाला इंजिन सुरू झालं, ठोका स्वच्छ. तो खूश होऊन गेला. मी तुकड्यांना नवा दोरा गुंडाळून ते डब्यात ठेवले.

बाकी सगळं पूर्वीसारखं आहे. एकच फरक पडलाय. अकरा वर्षं दारावर टकटक झाली तर मी बसल्या जागेवरून "कोण?" म्हणायची. मेलेलं माणूस दार वाजवत नाही. परवा दुपारी टकटक झाली. तीनदा, मग थांबली.

"वाऱ्याने कडी हलतेय," दादा मान वर न करता म्हणाला. त्याचे कान चांगले आहेत.

मी तरी उठले, आणि दाराकडे जायच्या आधी आरशात बघून केस नीट केले.